शिकाऊचा बांध

काजल ऐवळे आकडे मोजत नाही, ओव्या मोजते.

सकाळी साडेआठला आमच्या मिरजेच्या रुग्णालयातल्या व्यायामदालनात सतरंज्या पसरल्या जातात. गुडघ्याची ऑपरेशनं झालेली माणसं त्यांवर ओळीनं पाठ टेकतात. काजल त्यांच्यामधून फिरते, डावा पाय किंचित जपत, आणि सूर लावते.

पहिली उचल माझी, टाच वर, नजर खाली
मांडीच्या पाटाला गं पाण्याची ओढ आली

सगळे पाय एकदम वर जातात. ओवी संपेपर्यंत खाली टेकवायचे नाहीत.

"आकडा माणूस गिळतो, सर," तिनं मला एकदा सांगितलं होतं. "सातावरनं थेट नवावर. ओवी गिळता येत नाही. गिळली की शेजारच्याला कळतं."

ती जत तालुक्यातली. चाल तिच्या आईची, शब्द तिचे. घोट्याला वाळूची पिशवी बांधलेला पैलवानसुद्धा तिच्या दालनात 'माझी गं' म्हणत पाय उचलतो आणि लाजत नाही. दहाव्या उचलीला मात्र काजल चालायची थांबते, आपल्या डाव्या गुडघ्यावर थाप मारते आणि म्हणते:

दहावी उचल माझी, दहा जणांत सांगते
आळसानं गेला दोर, उभ्या मैदानी रांगते

लोक हसतात. तिला ते हवंच असतं. हसता हसता पाय दोन बोटं जास्त वर जातो.

माझी खोली दालनाला लागून आहे, मध्ये प्लायवूडची भिंत. अकरा वर्षं ही दहावी ओवी रोज सकाळी त्या भिंतीतून माझ्याकडं येत राहिली. ती सुरू झाली की मी नळ सोडायचो आणि हात धुवायचो. धुतलेलेच हात पुन्हा धुवायचो.

कारण तिच्या गुडघ्यातला तो दोर मी बसवला होता. आणि तो आळसानं गेला नव्हता.

*

अस्थिवाचक, म्हणजे हाडाचा आतला नकाशा काढणारं यंत्र, आमच्याकडं आला दोन वर्षांपूर्वी. पुण्या-मुंबईत तोवर हाडाला भोक पाडायला यंत्राचे हात आले होते. आमच्याकडं अजून माणसाचाच हात, त्यामुळं निदान नकाशा तरी चांगला हवा म्हणून विश्वस्तांनी तो घेतला.

हाड बाहेरून दगडासारखं दिसतं. आतून ते जाळीसारखं असतं, केसाहून बारीक काड्यांची जाळी. माणूस ज्या दिशेनं भार टाकतो त्या दिशेनं या काड्या जाड होतात. जिकडून भार उठतो तिकडच्या विरतात. हे जुनंच ज्ञान आहे. नवं होतं ते काड्यांचं वय ओळखणं. ताज्या हाडात क्षार कमी, मुरलेल्यात जास्त. हा फरक अस्थिवाचक एकेका काडीत मोजतो. शिवाय ऑपरेशनच्या वेळी पाडलेल्या बोगद्याच्या भिंतीवर हाड थरावर थर चढवत जातं, सणावाराला भिंत सारवावी तसं. ते थर वीस-वीस वर्षं टिकतात. काड्यांचं वय आणि थरांचा क्रम हाती आला की गणित उलट चालवता येतं: या गुडघ्यावर कधी, किती, कुठल्या बाजूनं ओढ पडली होती.

म्हणून प्रत्येक अहवालाचे दोन भाग येतात. पहिला 'आजचा नकाशा'. दुसरा 'मागचा काळ', पण तो डॉक्टरनं पडद्यावरच्या चौकटीत खूण केली तरच छापला जातो.

सुरुवातीला आम्ही त्या खुणेचा वापर आनंदानं केला. एक पैलवान आठ महिने रोज तालमीत घाम गाळतोय म्हणून सांगत होता. त्याच्या हाडानं सांगितलं की गडी आठ महिने बसून आहे. कुठं बसून, ते त्याच्या बायकोनं सांगितलं. पानाच्या टपरीवर. काजल त्या दिवशी यंत्राला हळदीकुंकू लावून आली होती.

मग बाकीच्या गावांतून वेगळ्या बातम्या यायला लागल्या. जुनी, फसलेली ऑपरेशनं घेऊन लोक यंत्राखाली झोपायला लागले, आणि हाडं रुग्णांबद्दल सांगत होती तशीच डॉक्टरांबद्दलही सांगायला लागली. काही वयस्कर सर्जननी यंत्र घ्यायला नकार दिला. प्रत्येकानं वेगळं कारण दिलं.

मी कुठलंच कारण दिलं नाही. चौकटीत खूण करणं तेवढं कमी केलं.

*

फेब्रुवारीत दालनात एका म्हातारीला उठवताना काजलचा गुडघा निसटला. म्हातारी सावरली, काजल पडली. याआधीही निसटायचा, पण या वेळी आतली गादी फाटून सांध्यात अडकली. आता टाळून चालणार नव्हतं. दोर नवा बसवायला हवा होता.

"बसवा की," ती माझ्या समोरच्या खुर्चीत पाय लांब करून म्हणाली. "अडतिसाव्या वर्षी खो-खो काही खेळायचा नाही, पण जिन्यावरनं उतरताना कठडा न धरता उतरायचंय. आणि सर, या वेळी बघाच. एक दिवस चुकवणार नाही."

"अस्थिवाचकाखाली झोपावं लागेल."

"झोपते. मागचा काळपण काढा हं. मोठा छापून, फ्रेम करून दालनात लावणार आहे. नव्या लोकांना नुसतं तोंडानं किती सांगायचं? माझा आळसच भिंतीवर टांगते."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर आला. चौकटीत खूण करताना माझं बोट थांबलं होतं, तरी मी ती केली. वाटलं, एकोणीस वर्षांत हाड विसरलं असेल.

हाड विसरलं नव्हतं.

'शस्त्रक्रियेनंतरचे अकरा महिने: मांडीच्या स्नायूची ओढ नियमित व चढती. व्यायामात खंड आढळला नाही. दोरावरील ताण: गुडघा वाकवताना प्रमाणाबाहेर. कारण: मांडीच्या हाडातील बोगदा योग्य जागेपासून सात मिलिमीटर पुढे. दोर सैल होण्यास सुरुवात: पाचवा महिना.'

सात मिलिमीटर म्हणजे तुरीचा एक दाणा.

*

गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये एक आडवा-तिरपा दोर असतो. तो तुटला की मांडीमागच्या स्नायूची कंडरा काढून नवा दोर करायचा, दोन्ही हाडांत एकेक बोगदा पाडायचा आणि दोर त्यांतून ओवून पक्का करायचा. सगळं कौशल्य वरच्या बोगद्याच्या जागेत. दुर्बिणीतून आत पाहिलं की मांडीच्या हाडाची आतली भिंत दिसते. त्या भिंतीवर निम्म्या वाटेत एक उंचवटा आहे. नवखा माणूस तो बघतो आणि समजतो, इथं हाड संपलं, हीच मागची कड. तिथून माप घेतो आणि बोगदा पुढं पाडतो. खरी कड उंचवट्याच्या पलीकडं, मऊ पेशींच्या गवताखाली झाकलेली असते. ते गवत खरवडून, आकडीनं चाचपून बघितल्याशिवाय ती सापडत नाही.

जगभर या उंचवट्याला शिकाऊ डॉक्टरांच्या नावानं ओळखतात. माझे गुरू त्याला शिकाऊचा बांध म्हणायचे. "शेताच्या मधला बांध बघून शेत संपलं म्हणणारा कसला शेतकरी," ते म्हणायचे. "बांध दिसला की मला हाक मार."

त्या दिवशी गुरू शेजारच्याच ऑपरेशन थिएटरमध्ये होते, मध्ये एक दार. टेबलावर एकोणीस वर्षांची काजल, जिल्ह्याच्या खो-खो संघाची कर्णधार. खांबाला वळसा मारताना पाय जमिनीत रुतला होता आणि अंग वळलं होतं. मी एकतिसाचा, एकट्यानं ऑपरेशन करायला लागून दुसरा महिना. बांध दिसला. फिलोमिना सिस्टर म्हणाल्या, "सरांना बोलवू का?"

आमच्यात हाक मारणाऱ्याला नाव पडायचं. चहाच्या वेळी बाकीचे 'सर, ओ सर' असा बारीक आवाज काढायचे. दोनदा माझ्यावर निघाला होता.

"नको," मी म्हणालो. गवत खरवडायला दहा मिनिटं लागली असती. गुरू बाहेर यायच्या आत मला टाके घालून दाखवायचे होते.

एवढंच असतं तर मी ते कधीतरी उघड बोलू शकलो असतो. चूक सगळ्यांची होते. पण सहाव्या महिन्यात काजल तिच्या आबांबरोबर तपासायला आली. गुडघा निसटतो म्हणाली. मी क्ष-किरणाचा फोटो प्रकाशावर धरला आणि बोगदा कुठं आहे ते मला स्वच्छ दिसलं. पुढं पडलेला बोगदा म्हणजे गुडघा वाकवला की दोर ताणला जाणार. जितकी पोर वाकवेल तितका दोर झिजणार. मी फोटो खाली ठेवला.

"व्यायाम रोज केलास?"

प्रश्न साधा होता. पण मी उत्तराची वाट पाहत नव्हतो, एखाद्या फटीची वाट पाहत होतो.

"रोज, सर." मग ती अडखळली. खरं बोलणारी माणसं अशीच अडखळतात. "यल्लम्माच्या जत्रेला गेलो होतो. ते चार दिवस राहिला."

"मग?" मी म्हणालो.

एवढाच एक शब्द. बाकी काही बोललो नाही. तिचे आबा वळून तिच्याकडं बघायला लागले. तिनं मान खाली घातली ती एकोणीस वर्षं वर केली नाही.

खेळ गेला. मग तिनं ठरवलं की दुसऱ्या कुणाला आळस करू द्यायचा नाही, आणि ती व्यायामोपचार शिकली. आमच्याकडं तिचा अर्ज आला तेव्हा शिफारस मीच लिहिली. मनातल्या मनात त्या शिफारशीला प्रायश्चित्त म्हटलं, आणि तेवढ्यावर माझी अकरा वर्षं निभली.

आता पडद्यावर ती ओळ होती. व्यायामात खंड आढळला नाही.

मी चौकटीतली खूण काढली आणि फक्त नकाशा छापला.

*

"मागचा काळ नीट उमटला नाही," मी तिला सांगितलं. "हाड जुनं झालंय."

"बघा की," काजल हसली. "माझं हाडसुद्धा लाजलं."

तिच्या ऑपरेशनला दोन आठवडे होते. ते मी करणार होतो. माझ्या विभागातल्या डॉक्टर तस्नीम मुल्लानं नकाशा बघितला आणि नुसती भुवई उचलली. वयानं माझ्याहून बरीच लहान, पण हात माझ्याहून स्थिर. "सर, जुना बोगदा इतका पुढं आहे की नव्याला त्याची अडचणच नाही. रिकामी जागा आयती मिळालीय." ऑपरेशन कुणी केलं होतं, तिनं विचारलं नाही. फाइलवर नाव होतंच.

मी कदाचित तसाच राहिलो असतो. नवा दोर नीट बसवून दिला असता, आणि तिनं तो आपल्या कष्टानं टिकवला म्हणून पेढे वाटले असते. पण त्या सोमवारी सकाळी मी नळ सोडला आणि पाणी आलं नाही. टाकी धुवायला काढली होती. त्यामुळं भिंतीपलीकडचं सगळं ऐकावं लागलं.

काजल यल्लाप्पा कोरेंजवळ थांबली होती. गाडीवरून घरोघर दूध गोळा करणारा माणूस, पन्नाशीचा. आठ महिन्यांपूर्वी त्याचंही दोराचं ऑपरेशन मीच केलं होतं. त्याचा गुडघा काटकोनापुढं वाकत नव्हता.

"यल्लाप्पामामा, घरी करता का व्यायाम?"

"करतोय की ताई. रोज दोनदा."

"तुम्ही करता का म्हशीला सांगून ठेवलंय?"

दालन हसलं.

"देवाशपथ करतोय, ताई."

"मी पण असंच म्हणत होते, मामा. पण माझ्या डॉक्टरांनी मला एका शब्दात पकडलं. एका शब्दात. त्यांना सगळं दिसतं बघा."

मग यल्लाप्पाचा आवाज आला, उतरलेला. "भावाची वास्तुशांत होती. तवा दोन दिवस राहिला असंल."

"आता कसं," काजल म्हणाली.

मी कोरड्या नळाखाली हात धरून उभा होतो. माझा शब्द तिच्या तोंडून निघाला होता आणि दुसऱ्या एका खऱ्या माणसानं आपली फट शोधून दिली होती. असे किती यल्लाप्पा या सतरंज्यांवरून मान खाली घालून गेले असतील, याचा विचार मी त्याआधी कधीच केला नव्हता.

*

बाराला दालन रिकामं झालं. काजल कमरेत वाकून सतरंज्या गुंडाळत होती. मी मागचा काळ छापून घेतला होता. चार ओळी, पण कागद हातात जड वाटत होता.

"काजल, मागचा काळ उमटला होता. मी खोटं बोललो."

तिनं कागद घेतला. तिला ही भाषा येते, समजावून सांगावं लागलं नाही. ती उभ्यानंच वाचत गेली आणि एका जागी बोट ठेवून थांबली.

"हे चुकलंय. खंड होता. चार दिवस होता."

"चार दिवस हाडाला दिसत नाहीत."

"म्हणजे?"

"तीन आठवड्यांच्या आतलं त्याला काही कळत नाही. चार दिवसांनी काहीच बिघडत नाही. तेव्हाही बिघडलं नव्हतं."

तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. "सात मिलिमीटर पुढं. म्हणजे वाकवताना ताणला जाणार." ती दुसऱ्या कुणाच्या गुडघ्याबद्दल बोलावं तसं बोलत होती. "म्हणजे मी जितका वाकवला…"

"हो."

"जितका नेमानं…"

"हो."

तिनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तुम्हाला हे कधी कळलं? परवा, अहवाल आला तेव्हा?"

तिनं स्वतःच मला वाट दिली होती. परवा म्हणालो असतो तर ती जन्मभर माझी कीव करत राहिली असती. ती वाट मला दिसली आणि तिच्यावर पाय टाकायची इच्छाही झाली, हे मी इथं लिहून ठेवतो.

"सहाव्या महिन्यात," मी म्हणालो. "फोटो बघितला तेव्हाच. तू जत्रेचं सांगायच्या आधी."

काजल गुंडाळलेल्या सतरंजीवर बसली. आजारी गुडघा दोन्ही हातांत धरून बसली, एखादं रडणारं मूल धरावं तसा. रडत मात्र नव्हती.

"आबांना जाऊन सहा वर्षं झाली," ती म्हणाली. "शेवटच्या आठवड्यात त्यांना एकच लागलं होतं. म्हणायचे, काजे, जत्रेला मीच नेलं तुला. नको म्हणत होतीस. माझ्यामुळं तुझा खेळ गेला. मी म्हणायचे, नाही आबा, चूक माझी. मला तिथंही करता आला असता व्यायाम. आम्ही दोघं भांडायचो, सर. चूक कुणाची यावर. त्यांना माझी चूक आपल्यावर घ्यायची होती आणि मला ती घेऊ द्यायची नव्हती."

बाहेर व्हरांड्यात कुणीतरी चाकांची खुर्ची ढकलत नेली. तिचं एक चाक कुरकुरत होतं, ते लांब जाईपर्यंत ऐकू आलं.

"मी माफी मागतो," मी म्हणालो. शब्द बाहेर पडताच मलाच पोकळ वाटले.

"ती राहू दे आत्ता." तिनं वर बघितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती मान वर करून माझ्याकडं बघत होती, आणि ते सोसायची मला सवय नव्हती. "यल्लाप्पामामांचा मागचा काळ काढलात?"

"नाही. नुसता नकाशा छापला होता."

"काढा. आज काढा. मी त्या माणसाला सकाळी सगळ्यांसमोर म्हशीवरनं हसले." ती थांबली. "अकरा वर्षांत मी ज्यांना आळशी म्हटलं ते सगळे आठवतात मला. काही तर पुन्हा आलेच नाहीत. माझ्या तोंडानं तुम्ही बोलत होता, सर. मला कळलंच नाही."

मी खिशातलं पेन काढून यल्लाप्पाचं नाव तळहातावर लिहून घेतलं.

"उद्या साडेआठला इथं यायचं," ती उठत म्हणाली. "त्यांच्यासमोर सांगायचं. त्या भिंतीमागून नव्हे, इथं उभं राहून. आणि माझं ऑपरेशन तस्नीम करेल."

"बरं."

"तुम्ही कॅमेरा धरायचा."

आमच्या थिएटरात कॅमेरा सगळ्यात नवखा धरतो. सर्जनला जिथं बघायचं असेल तिथं दुर्बीण न्यायची आणि हलवायची नाही, एवढंच काम. गेली वीस वर्षं मी कॅमेरा धरला नव्हता.

"आणि मला पूर्ण भूल नको. कमरेखालची द्या. मला पडदा बघायचाय."

*

मंगळवारी मी दालनात उभा राहिलो. चौदा माणसं पाठीवर झोपलेली होती, त्यामुळं सगळे माझ्याकडं खालून वर बघत होते. मी उभ्यानं बोलू शकलो नाही. सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसलो आणि सांगितलं. बांध, तुरीचा दाणा, फोटो, 'मग?' असा तो एक शब्द. पाच मिनिटांत संपलं. अकरा वर्षं जे मी पाण्याच्या आवाजाखाली दाबलं होतं, ते पाच मिनिटांचंच होतं.

टपरीवर बसणारा तो पैलवान पहिल्यांदा बोलला. "म्हणजे आम्ही करतोय ते बरोबर आहे की नाही, एवढं सांगा."

"तू करत नाहीस, म्हणून तुझं चूक," काजल म्हणाली. कुणी हसलं, पण अर्धवट.

यल्लाप्पा माझ्याकडं बघत नव्हता. स्वतःच्या गुडघ्याकडं बघत होता. त्याचा अहवाल माझ्या खिशात होता. बोगदा जागेवर होता, पण आत चिवट पेशींचं जाळं धरलं होतं, ते सोडवायला हवं होतं. वरची ओळ मी वाचून दाखवली. व्यायामात खंड आढळला नाही.

"खंड न्हाई?" त्यानं विचारलं. "दोन दिवस तर…"

"नाही, मामा," काजल म्हणाली. ती त्याच्या सतरंजीपाशी गेली, दुखऱ्या पायावर अवघडून वाकली आणि त्याच्या पावलांना हात लावला. तो घाबरून उठून बसला. "ताई, आवं, काय हे," म्हणत राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटलं. मी बसून राहिलो.

मग तिनं सूर लावला. पहिली उचल, दुसरी उचल. नवव्यानंतर लोकांनी सवयीनं दहावीचा पहिला शब्द उचलला, दोघातिघांनी 'आळसानं'पर्यंत नेलाही. काजलनं हात वर केला. गाणं तिथंच तुटलं. दहाव्या वेळी चौदा पाय आवाजाशिवाय वर गेले आणि आवाजाशिवाय खाली आले.

"दहावी अजून जुळलेली नाही," ती म्हणाली.

*

पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी काजल टेबलावर होती. छातीशी हिरवा पडदा, त्याच्या वरून तिला समोरचा मोठा पडदा दिसत होता. तस्नीम माझ्या डाव्या हाताला. मी दुर्बीण आत घातली. गुडघ्याच्या आतलं जग नेहमीसारखंच होतं, पाण्याखालच्या चांदण्यासारखं पांढरं, तरंगतं. आणि त्या भिंतीवर बांध.

"हाच काय?" काजलनं विचारलं.

"हाच," मी म्हणालो. "हा जो उंचवटा दिसतो. शिकाऊचा बांध."

"आणि तुमचा बोगदा?"

मी दुर्बीण वळवली. बांधाच्या अलीकडं, पुढच्या अंगाला, एक जुनं भोक होतं. तोंडाशी हाड गुळगुळीत झालेलं, आत दोराचे चार राखाडी धागे लोंबत होते. एकोणीस वर्षांपूर्वी त्याच्याकडं बघून मी खूश झालो होतो, आणि फिलोमिना सिस्टरांना म्हणालो होतो, बघा, गरज पडली नाही.

काजलनं मान तिरकी करून ते भोक नीट बघून घेतलं.

तस्नीमनं बांधाच्या पलीकडचं गवत खरवडायला घेतलं. घाई नाही, हिसका नाही. हळूहळू मागची खरी कड उघडी पडत गेली. तिनं आकडी कडेवरून मागं सरकवली, ती पोकळीत उतरली. हाड इथं संपत होतं. तिथून तिनं माप घेतलं.

"सर," ती म्हणाली, "कॅमेरा."

पडद्यावरचं चित्र थरथरत होतं. मी मनगट टेबलाला टेकवलं. तरी थरथरत होतं.

"हलतोय काय?" हिरव्या पडद्यामागून काजलचा आवाज आला.

"थोडासा," तस्नीम म्हणाली.

"हलवू नका, सर. माझा गुडघा आहे तो."

आणि मग तिनं सूर लावला. मायेनं नव्हे. पहिल्या दिवशी कुरकुरणाऱ्या नव्या रुग्णाला ती ज्या आवाजात कामाला लावते, त्या आवाजात.

पहिली उचल माझी, टाच वर, नजर खाली

मी श्वास तिच्या ओळीवर ठेवला. दुसरी. तिसरी. तस्नीमनं गुडघा खोल वाकवून घेतला, ड्रिलला वाट दाखवणारी तार रोवली, माप पुन्हा तपासलं. पाचव्या ओवीला चित्र थांबलं. सहावीला मला माझं मनगट जाणवेनासं झालं. काजल पडद्याकडं बघत एकेक ओवी पुरी म्हणत होती, एकही गिळत नव्हती.

नवव्यानंतर ती थांबली.

दहाव्या ओवीची जागा तिनं रिकामीच ठेवली. त्या रिकाम्या जागेत ड्रिल सुरू झालं, आणि बांधाच्या पलीकडं, जिथं ते एकोणीस वर्षांपूर्वी पडायला हवं होतं तिथं, भोक पडत गेलं. पाण्यात हाडाचा पांढरा भुगा उडाला. मी कॅमेरा धरून उभा होतो, सगळ्यात नवख्या माणसाच्या जागी, आणि काजल मला बघू देत होती.